दाराबाहेरचा बाक

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा प्रश्न मी एरवी चहाबरोबर गिळून टाकते. 'दर रविवारी बडोद्यातल्या दांडिया बाजारातून रिक्षा करून तांदळज्याच्या वस्तीत जाता, तिथल्या मुसलमान मुलामुलींना नेतृत्व शिकवायला. तुमचं तिथे काय काम?' विचारणाऱ्यांत पहिला नंबर शेजारच्या जैन बेनचा.

बेनना एकदा म्हटलं, 2014 पासून तुम्हीही त्याच यादीत आहात. केंद्राने मुसलमान, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि पारशी यांच्या जोडीला जैनांना अल्पसंख्याक म्हणून धरलं ते त्या वर्षी. आणि मी? घटनेच्या कलम 30 मध्ये 'धर्म किंवा भाषा' असे शब्द आहेत, आणि अल्पसंख्य कोण हे राज्यागणिक पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांनी 2002 साली ठरवलं. म्हणजे गुजरातेत आपण मराठी माणसंही त्यातलीच. गायकवाडांच्या आठवणी काढताना हे आपल्याला सोयीने विसरायला होतं. बेन हसल्या, खाखऱ्यांची ताटली पुढे सरकवली नि म्हणाल्या, 'ते खरं, पण तुमचं काम काय?'

खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मी तिथे खोळंबाच केला.

पस्तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर माणसाला आपण गप्पही बसू शकतो याचा विसर पडतो. मी भाषणं बसवून घेतली, उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे, सगळं. मुलं टाळ्या वाजवायची. मग अकरावीतल्या एका मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला आवकचा दाखला लागला. (उत्पन्नाचा दाखला म्हणायला हवं, पण बडोद्यात जन्म गेल्यावर तोंडात 'आवक'च येतं.) घरात शिष्यवृत्तीची धास्ती आधीच होती. 2022-23 पासून केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती पहिली ते आठवीला बंद झाली, तेव्हा तिच्या सातवीतल्या भावाची गेली होती. दोनदा कचेरीतून परत आली होती बिचारी. तिसऱ्यांदा मी बरोबर गेले. खिडकीशी तिने तोंड उघडायच्या आत मीच सुरू झाले, अस्सल बडोदी गुजरातीत. आतल्या माणसाने माझं आडनाव विचारलं, मान डोलावली, आणि दोन हेलपाट्यांत न झालेलं काम पाच मिनिटांत झालं. मी खूश.

परतताना रिक्षात पोरगी गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाली, 'काम तो थई गयुं, आंटी. पण बोल्यां तो तमे ज.'

बोललात तर तुम्हीच. काम माझ्या बोलण्याने झालं की आडनावाने, हेही तिला नीट कळलं होतं. तिने फक्त ते म्हणून दाखवलं नाही.

त्यानंतर काही रविवार मला जावंसंच वाटेना. गेले तेव्हा मुलांना कमाटीबागेत नेलं, आंबेडकरांच्या आठवणीची जागा आहे तिथे, संकल्पभूमीवर. ती जागा दाखवताना आपण बडोदेकर जरा छाती फुगवूनच उभे राहतो. सयाजीरावांनी आंबेडकरांना 1913 साली कोलंबियाला जायला दरमहा 11.5 पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती गोष्ट मी रंगवून सांगितली. पुढचं कमी रंगवलं. 1917 साली ते संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले. राहायला जागा कोणी देईना, म्हणून पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत उतरले. ते कळलं तेव्हा हातात काठ्या घेतलेली माणसं दारात आली. आंबेडकरांना बाहेर पडावं लागलं, आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते या बागेत बसून राहिले.

एक मुलगा म्हणाला, 'मतलब फीस मिली, रूम नहीं मिला.' मागून कोणीतरी, 'हमारे भाई को भी नहीं मिला.' त्याचा भाऊ नोकरीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली शोधत होता. फोनवर भाडं ठरायचं, नाव सांगितलं की खोली 'आत्ताच गेली'. मी काहीतरी शहाणपणाचं बोलणार होते. तोंड उघडलं आणि मिटलं. मग तासभर मुलंच बोलली. भाषणं बसवताना इतका वेळ त्यांना मी कधी दिला नव्हता.

आता माझं काम असं, की मुलं कचेरीत जातात तेव्हा मी दाराबाहेरच्या बाकावर बसते. अर्ज ती लिहितात, शुद्धलेखन विचारलं तरच सांगते. कोणी उद्धट बोललं तर काय म्हणायचं याची तालीम आदल्या रविवारी होते, आणि त्यात उर्मट कारकून मी होते. ही भूमिका मला फार छान जमते, असं सगळ्यांचं मत. माझ्या मुलाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, 'आई, ते अभिनयच नव्हे.'

या पद्धतीने कामं लवकर होत नाहीत. रस्त्यावरच्या बंद दिव्यांच्या अर्जाला चार फेऱ्या लागल्या. मी गेले असते तर कदाचित एक. बाकावर बसून माझे पाय शिवशिवतात, हेही तुम्हाला सांगून टाकते.

गेल्या महिन्यात तीच मुलगी धाकट्या बहिणीचा दाखला काढायला गेली होती. हसत बाहेर आली, कागद माझ्या हातात दिला. बहिणीच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. मी चष्मा लावून बोट ठेवलं, उठायला लागले, तोवर तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा खिडकीकडे गेली.