साडेआठचं रीडिंग

खालच्या काकूंच्या बेडरूमच्या छताला ओल धरली ती गेल्या जुलैत. आधी रुपयाएवढा डाग, मग ताटलीएवढा, मग पोपडे सुटायला लागले. त्या खोलीच्या बरोब्बर वर आमची ड्राय बाल्कनी आणि तिला लागून बाथरूम. कोथरूडमधली आमची बिल्डिंग पस्तिशीला आलेली, म्हणजे ओल हा काही नवा विषय नाही. पण काकूंना दम्याचा त्रास आहे, आणि त्या ओल्या चुन्याच्या वासात त्या झोपत होत्या. मला ते सहन होईना.

पहिले प्लंबर आले. "ताई, नहाणी ट्रॅप गेलाय. फरशी उकलावी लागेल." खर्च २८,००० रुपये. दुसरे आले, त्यांनी फ्लशच्या पाइपवर बोट ठेवलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, पश्चिमेच्या भिंतीला भेग आहे, पावसाचं पाणी मुरतंय, दिवाळीनंतर बघू. तिघंही अनुभवी आणि तिघंही सरळ माणसं. पण प्रत्येकाने पाच मिनिटांत निदान केलं होतं, आणि डाग रोज किती वाढतो, कधी वाढतो, हे एकानेही विचारलं नव्हतं.

त्या रात्री मला बाबांची फार आठवण आली. बाबा शिवाजीनगरच्या वेधशाळेत निरीक्षक होते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ती दगडी इमारत अजून 'सिमला ऑफिस' आणि समोरचा चौक सिमला ऑफिस चौक. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव मात्र राहिलं. लहानपणी एखाद्या रविवारी बाबा मला बरोबर नेत. हिरवळीवर चार पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी पेटी, तिचं दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी आतल्या थर्मामीटरवर ऊन पडू नये. बाबा दार उघडत आणि आधी दशांश वाचत, मग पूर्ण अंश. मी विचारलं, उलटं का? तर म्हणाले, आपण जवळ उभे राहिलो की आपल्या अंगाची उष्णता त्याला लागते, पारा हलतो. जे आधी बदलणार ते आधी वाचायचं. सात-आठ वर्षांच्या मुलीला हे कळणं कठीण होतं. आपण नुसतं बघायला गेलो तरी आपल्यामुळे समोरची गोष्ट बदलते, हे मला समजायला पुढची तीस वर्षं लागली.

पाऊस ते सकाळी साडेआठला मोजत. मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं, पाण्याच्या वक्राचा तळ बघायचा, लगेच लिहायचं. चोवीस तास साडेआठला संपतात, त्यामुळे मंगळवारी दहाला कोसळलेला पाऊस बुधवारच्या तारखेत जातो. आणि वहीत खोडरबर नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, जुना आकडा वाचता आला पाहिजे, वर नवा, शेजारी सही. घरी वाण्याच्या हिशेबातसुद्धा बाबा तसंच करत.

मग मी ठरवलं, दोन-तीन आठवडे काहीही तोडायचं-फोडायचं नाही. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाबांचीच तू. कर काय करायचं ते." रोज सकाळी साडेआठला मी स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढायचे आणि तारीख घालायचे. काकूंना मी त्यांच्या मुलाकडे पाषाणला झोपायला पाठवलं, ते एकच काम मी मोजमापाशिवाय केलं. गच्चीवर स्टीलचा सरळ डबा ठेवला. तोंड आणि तळ सारखेच रुंद असले की डबा लहान असो की मोठा, पाण्याची उंची तेवढीच येते. आत पट्टी बुडवली की मिलिमीटर मिळतात. वहीत रकाने पाडले: पाऊस, डाग, आंघोळी, फ्लश, मशीन. पश्चिमेच्या खिडकीची काच ओली की कोरडी, हा रकाना चार दिवसांनी घातला.

तो का, ते सांगते. सुरुवातीला मी पाऊस रात्री झोपताना लिहायचे आणि डाग सकाळी. काही जुळेना. दोन्ही साडेआठला आणल्यावर चित्र जरा स्वच्छ झालं, तरी एका दिवशी ४० मिलिमीटर पडून डाग जागचा हलला नाही आणि दुसऱ्या दिवशी १२ मिलिमीटरमध्ये दोन बोटं सरकला. कॉलेजात न्यायशास्त्राच्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या, तासाला शिकलेलं इथे उपयोगी पडलं. धूर दिसला की अग्नी आहे, हे खरं. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. इंधन ओलं असेल तर धूर. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात, आणि माझ्या मते आपण रोज जे चुकतो त्यातलं निम्मं तरी उपाधी न शोधल्यामुळे. माझ्या डागाची उपाधी वारा होता. सरळ पावसाने काही होत नव्हतं. पश्चिमेकडून तिरका आला, काच भिजली, की दुसऱ्या सकाळी डाग पुढे.

म्हणजे सेक्रेटरी बरोबर. भिंत बाहेरची, खर्च सोसायटीचा. मला खरंच हायसं वाटलं.

आणि मग १८ ऑगस्ट. तीन दिवस डबा कोरडा, काच कोरडी, आणि डाग बोटभर पुढे. स्टुलावर उभी राहून मी पेन्सिल हातात धरून कितीतरी वेळ थांबले. मनात काय काय आलं ते आठवतंय: कालची रेघ मी नीट ओढली नसेल; आधीचं मुरलेलं पाणी आत्ता उतरलं असेल; एका दिवसाने काय होतं. यातलं एखादं खरंही असू शकलं असतं. पण मला ते खरं असायला हवं होतं, कारण नसलं तर २८,००० माझ्या खिशातून जाणार होते. ती रेघ ओढताना मला बाबांची आडव्या रेघेची वही दिसत होती. मी ओढली.

ज्या निरीक्षणाने आपलं ठरलेलं मत मोडतं ते जपून ठेवणं, पद्धतीतलं हेच मला सगळ्यात अवघड वाटतं. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी चालली. १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक वि. सी. सुकथनकर यांनी तिची पद्धत बसवली. देशभरातून आलेल्या हस्तलिखितांतली ओळ न् ओळ पडताळून पाहायची. जो पाठ स्वीकारला तो वर, आणि न स्वीकारलेले पाठ त्याच पानाच्या तळाशी, कुठल्या हस्तलिखितात काय आहे त्या खुणेसह. पहिल्यांदा ते पान पाहिलं तेव्हा वाटलं, जे टाकून दिलं ते कशाला छापायचं? आता वाटतं, ते तळाशी आहे म्हणूनच वरच्या ओळीवर विश्वास ठेवता येतो. संपादकाचा निर्णय पटला नाही तर वाचक स्वतः पुन्हा तोलू शकतो.

वहीतल्या मशीनच्या रकान्यात १७ तारखेला खूण होती. दर तिसऱ्या दिवशी मी कपडे लावते. मागे जाऊन बघितलं, तर मशीनच्या दुसऱ्या दिवशी डाग थोडासा सरकलेला होता, पण तिरक्या पावसाच्या गडबडीत ते दिसलं नव्हतं. मग एकेक गोष्ट तपासली. तीन दिवस मशीन बंद, बाकी सगळं नेहमीसारखं. तीन दिवस मशीन चालू, फ्लशचा कॉक बंद, बाहेरच्या बाथरूमचा वापर. शेवटी मशीनच्या पाण्यासारख्याच बादल्या ड्राय बाल्कनीच्या जाळीत ओतल्या, नीळ कालवून. दुसऱ्या दिवशी काकूंच्या पोपड्याच्या कडेला फिकट निळसर ओलावा आला होता. इतका फिकट की मी एकटीने बघून ठेवला नाही, काकूंच्या मुलाला फोन करून बोलावलं आणि त्याला दाखवला.

कारणं दोन होती. भिंतीची भेग सोसायटीने भरली, जाळीखालचा सांधा मी नीट करून घेतला. फक्त तेवढीच एक फरशी निघाली, साडेसहा हजारांत. फ्लशच्या पाइपला कुणी हात लावला नाही. पहिले प्लंबरदादा बाथरूमच्या ट्रॅपबद्दल चुकले होते, पण पाणी आमच्याच घरातून उतरतंय हे त्यांचं म्हणणं खरं निघालं, ते मी त्यांना फोन करून सांगितलं. सांधाही त्यांनीच केला.

रंगारी आला तेव्हा काकूंनी बाकीची खोली रंगवून घेतली, छताचा तो कोपरा मात्र सोडायला लावला. पुढचा पावसाळा जाईपर्यंत नको, म्हणाल्या. पेन्सिलीच्या रेघा तशाच आहेत, एकात एक, डोंगराच्या नकाशासारख्या. सगळ्यात बाहेरची ९ सप्टेंबरची. काकू आता घरी आहेत, आणि रोज साडेआठच्या सुमाराला माझ्या फोनवर त्यांचा मेसेज येतो: "कोरडं."