नाळीची भाजी गच्चीवर: पेरणी ते दुसरी तोडणी

गच्चीवरच्या दोन क्रेटमधली नाळीची भाजी (पाणथळ जागी वाढणारी वेलवर्गीय पालेभाजी, इंग्रजीत वॉटर स्पिनॅच) आता दुसऱ्या तोडणीला आली आहे. नाशिकमध्ये ही भाजी बियांपासून करायची तर सगळा खेळ उबेचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

बी पेरलं ते पाडवा झाल्यावर. त्याआधी घाई करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे फेब्रुवारीतसुद्धा रात्री गारठा असतो आणि हिला साधारण २५ ते ३० अंश तापमान मानवतं. थंड ओल्या मातीत बी कुजून जातं. ही रताळ्याच्याच कुळातली, बीचं कवच टणक. बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं. सकाळी फुगलेलं तेवढं अर्धा इंच खोल पेरलं. कडक राहिलेल्या बियांना सँडपेपरवर हलकं घासून पुन्हा भिजत घातलं.

उगवल्यावर जरा निरखून बघा. पहिली दोन दलं टोकाकडून इतकी खोल चिरलेली असतात की एका रोपाला चार पानं आहेत असं वाटतं. मागून येणारी खरी पानं अगदी वेगळी, लांब आणि निमुळती. नवख्याने ही दलं तण समजून उपटू नयेत.

क्रेट म्हणजे टोमॅटोचं जुनं प्लास्टिकचं, आतून जाड ताडपत्री. ताडपत्रीला भोकं तळाशी पाडली नाहीत, चार बोटं वर पाडली. खाली पाणी धरून राहतं, वर साचत नाही, त्यामुळे डासही होत नाहीत. उन्हाळ्यात यानेच तारलं. मातीत निम्मा भाग कुजलेलं शेणखत.

तोडणी कात्रीने, मातीपासून दोन पेरं राखून. पोकळ देठातून किंचित पांढरा चीक येतो. राखलेल्या पेरांच्या बगलेतून फुटवे निघतात आणि दुसरी तोडणी पहिलीपेक्षा भरदार होते. भाजी करताना लसूण-मिरचीच्या फोडणीत आधी देठं टाका, पानं शेवटी.

पावसाची झड लागल्यावर काही पानांवर पिवळे डाग आले. उलटून पाहिलं तर खाली पांढरे फोड: पांढरा तांबेरा, म्हणजे पानांवरचा बुरशीसारखा रोग. तेवढी पानं काढून टाकली, गर्दी विरळ केली, पाणी फक्त बुडाशी. आता नवी पानं स्वच्छ आहेत.

एक कळकळीची विनंती. सांडपाण्याच्या नाल्यात उगवलेली नाळ खुडून आणू नका, ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेते. आणि छाटलेली देठं नदीत टाकू नका, प्रत्येक पेराला मुळं फुटतात.

पुढचं काम बियाण्याचं. दिवस लहान होऊ लागले की हिला फुलं येतात, म्हणून गणपतीनंतर एका क्रेटला कात्री लावणार नाही, सुतळीवर वेल चढवणार. निफाडकडचा गारठा शहरात पोचायच्या आत बोंडं तपकिरी होऊन वाळायला हवीत. त्यासाठी ते क्रेट दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीलगत हलवलं आहे.