क्लास थ्री उठल्यावर

शनिवार

दुपारी रेडिओवर क्लास थ्री उठल्याचं सांगितलं आणि थोड्याच वेळात गल्लीत माणसं दिसायला लागली. मॉरिशसमध्ये वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग असतात. क्लास वन साधारण ३६ ते ४८ तास आधी लागतो, मग टू, मग थ्री, आणि ताशी १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष नोंदले गेले की फोर. थ्रीमध्ये घराबाहेर पडायचं नाही. यंदाचं वादळ उत्तरेकडून वळून गेलं, पण कालचा सगळा दिवस दारांच्या फटीत कापड कोंबण्यात आणि बादल्या भरण्यात गेला. रात्री वाऱ्याचा आवाज इतका होता की शेजारी झोपलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं.

शेजारच्या तांतीन मात्र काल सकाळपासून शांतपणे स्वयंपाक करत होत्या. इथे वयस्कर बाईला सगळे तांतीन म्हणतात, मीही म्हणते. १९६० चं कॅरोल वादळ त्यांनी लहानपणी पाहिलंय. लाकूड-पत्र्याचं त्यांचं घर त्यात गेलं. त्यानंतर बेटावर सपाट छताची काँक्रीटची घरं वाढत गेली. आज कुठेही बघितलं तरी तीच दिसतात, वरच्या मजल्यासाठी सळया तशाच मोकळ्या सोडलेली. नवीन आलेले लोक या घरांना कुरूप म्हणतात तेव्हा मला राग येतो. त्या काँक्रीटमागे कॅरोल आहे.

मला वाऱ्यापेक्षा पाण्याची जास्त भीती वाटते. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळ आलं तेव्हा राजधानी पोर्ट लुईत रस्त्यांवरून गाड्या वाहून जात होत्या. माझे सहकारी त्या दिवशी शहरात अडकले होते. फोन लागत नव्हते. ती दुपार मी विसरू शकत नाही.

रविवार

आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. ब्लू बेच्या किनाऱ्यावर गेलो. पाणी अजून गढूळ होतं, पण खडकाच्या पलीकडे लाटा फुटताना दिसत होत्या. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचं कडं आहे. समुद्राचा जोर तिथेच संपतो, आणि आत पोहता येईल असं शांत पाणी राहतं. लोकांनी वर्षभर पैसे साठवून आठवडाभरासाठी यावं, ते मला रविवारी गाडीत बसलं की मिळतं. हा आनंद मी कधी गृहीत धरत नाही.

तिथून पॉइंट डेनी जवळच. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचं मोठं जहाज तिथल्या प्रवाळावर चढलं आणि ६ ऑगस्टला त्यातून तेल गळायला लागलं. त्या दिवसांत माहेबुरच्या किनाऱ्यावर मी जे पाहिलं, त्यामुळे मी या बेटाची झाले. लोकांनी वाट बघितली नाही. उसाची पाचट आणली, कापडाच्या लांबलचक पिशव्या शिवल्या, त्यात पाचट ठासून भरली, रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि ते तरंगते बांध पाण्यात सोडले. कोळी, शाळकरी मुलं, बँकेत काम करणारे, कारखान्यातले कामगार, सगळे एका रांगेत. मी पाचट भरत होते. हात कोपरापर्यंत काळे झाले, वासानं डोकं दुखत होतं. शेजारी बसलेल्या बाईंनी मला त्यांच्या डब्यातली ढोलपुरी, म्हणजे डाळ भरलेली पोळी, दिली आणि इथल्या क्रिओल भाषेत पुढची पिशवी मागितली. मी कुठली, किती दिवसांसाठी आलेय, परवाना कसला, हे कोणी विचारलं नाही.

सोमवार

आज कचेरीत परवान्याच्या नूतनीकरणाच्या कागदांची यादी आली. पुन्हा.

माझा इथला परवाना नोकरीला बांधलेला आहे. नोकरी बदलायची तर नवा अर्ज, नोकरी सुटली तर राहण्याचा आधारच सुटतो. पगाराची मोठी अट पूर्ण करणाऱ्यांसाठी कायम वास्तव्याचा वेगळा मार्ग आहे, पण मध्यम पगारावर हिशेब तपासणारी मी त्यात बसत नाही. त्यामुळे बँक कर्जाचं बोलणं परवान्याच्या अंतिम तारखेपाशी थांबवते. घरमालक करार त्याच तारखेपर्यंत करतो. घरात पुस्तकांचं कपाट करून घ्यावं की नको, यावर आम्ही दोघं कितीदा बोललोय. उकाडा सोसता येतो. पहिल्या पावसाआधी, डिसेंबरात, धरणं आटून नळाला ठरावीक तासच पाणी येतं, तेही सोसता येतं. तांदूळ, गहू, औषधं, बरंच काही बाहेरून येतं आणि त्यातलं पुष्कळसं महाग मिळतं, त्याची सवय होते. दर काही महिन्यांनी आपण इथे तात्पुरते आहोत हे लिहून द्यायची मात्र सवय होत नाही.

मैत्रीचंही तेच. बाहेरून आलेल्यांपैकी ज्यांच्याशी जीव जडला, त्यातले बरेच निघून गेले. कुणाचं कंत्राट संपलं, कुणाच्या कंपनीनं गाशा गुंडाळला. त्यांच्या कुंड्या, पंखे, मुलांच्या सायकली आमच्याकडे राहिल्या. आता नवीन जोडपं भेटलं की मनात आधी प्रश्न येतो, हे किती राहणार? असा प्रश्न यावा याचं मला वाईट वाटतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या कुंपणबंद वसाहतींत राहून ‘इथे काहीच वेळेवर होत नाही’ एवढंच बोलणाऱ्यांशी मात्र माझं कधी जमलं नाही. इथलं दुकान संध्याकाळी लवकर बंद होतं, कारण दुकानदाराला घरी जेवायचं असतं. त्यात गैर काय?

मंगळवार

संध्याकाळी तांतीनकडे चहा. त्यांचे पणजोबा कोकणातून मजुरीच्या करारावर आले होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या त्या सोळा पायऱ्या चढून. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांहून अधिक मजूर या बेटावर उतरले. तो धक्का, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा आहे. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदी जपल्या आहेत. तांतीननी तिथून पणजोबांचा नोंदणी क्रमांक मिळवला आणि तो कागद प्लास्टिकमध्ये घालून देव्हाऱ्यातल्या गणपतीशेजारी ठेवला आहे. मराठी त्यांना आरतीपुरती येते. बाकी सगळं क्रिओल.

त्यांच्या पणजोबांना उसाच्या मळ्यात जे भोगावं लागलं, त्याच्याशी माझ्या कागदांची तुलना करणं चूक आहे, आणि मी ती करत नाही. पण करारावर आलेला माणूस इथला कसा झाला, हे या बेटाला माहीत आहे. जवळजवळ प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून मला वाटतं की इथे वर्षानुवर्षं कर भरणाऱ्या, मुलं इथल्या शाळेत घालणाऱ्या, वादळात शेजाऱ्याच्या छतावर चढणाऱ्या माणसाचा परवाना एका मालकाच्या हातात असू नये. पगार मोठा असो वा नसो. हे मी कचेरीतल्या बैठकीतही बोलले आणि पुन्हा बोलेन.

तांतीननी यादी वाचून दाखवायला सांगितली. भाडेकरार, बँकेचे उतारे, मालकाचं पत्र. मालकाचं पत्र गुरुवारी मिळेल म्हणतात. सुताराला मात्र मी उद्याच बोलावलंय, कपाटाचं माप घ्यायला.