तुम्ही विचारलंत म्हणून: रेसर माणूस गाडी एवढी हळू का चालवतो?

"भाऊ, तुम्ही तं रेसर ना! मंग गाडी अशी हयूहयू काऊन चालवता?"

हा प्रश्न मला पानठेल्यावर विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, जळालेली मोटर दुकानात आणून टाकतानाही विचारतात. राळेगाव तालुक्यातल्या एका गावात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटरा येतात; त्यांची जळकी तार काढायची आणि नवी भरायची, हे माझं काम. आणि वर्षातून दोन-तीनदा मी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यतीत उतरतो. दोन्ही गोष्टी गावाला ठाऊक आहेत. त्यामुळे वडकीच्या रस्त्यावर अंधार पडला की मी काटा पन्नासच्या वर जाऊ देत नाही, हे पोरांच्या डोळ्यांत येतं आणि त्यांना ते पटत नाही.

आजवर "असंच रे" म्हणून मी टाळत आलो. मागच्या आठवड्यात मात्र कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका पोरानं फार मनापासून विचारलं. लायसन्स हातात येऊन त्याला महिनाही झाला नव्हता. त्याला टाळणं मला जमलं नाही. उत्तर लांब आहे, कारण ते माझ्या पहिल्या शर्यतीच्या तीन दिवसांत आहे, आणि त्यानंतर माझ्याकडून जे सांगायचं राहून गेलं त्यातही आहे.

तो ट्रॅक चेन्नई-बंगळुरू महामार्गावर श्रीपेरुंबुदूरजवळ, इरुंगाट्टुकोट्टई इथं आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं उभा केलेला, ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. मी ३१ वर्षांचा होतो. नागपूरहून रेल्वे धरली तेव्हा सोबत एका मित्राचा जुना लेदर सूट होता, खांद्यात जरा आवळणारा. त्याआधी त्याच ट्रॅकवर दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेचा, स्पर्धा परवाना काढला होता. माझा वर्ग 'वन मेक', म्हणजे सगळ्यांना एकाच मॉडेलची, दोनशे सीसीची गाडी. पैसा कमी असलेल्या माणसासाठी हा वर्ग फार चांगला. गाडी आयोजक देतात, आपण फी भरायची आणि चालवायचं.

शुक्रवारी सकाळी आधी स्क्रूटिनी झाली, म्हणजे तपासणी. एका वयस्कर अधिकाऱ्यानं माझं हेल्मेट हातात घेतलं, आतला थर्माकोल अंगठ्यानं दाबून पाहिला, पट्टा ओढला, काच वरखाली केली, सावकाश फिरवून कुठं तडा आहे का ते पाहिलं. मग हातमोजे, बूट, पाठीचं प्रोटेक्टर. गाडीला आरसे नाहीत, स्टँड नाही, पुढचा दिवा नाही. पडल्यावर जे टोचेल किंवा फुटेल ते सगळं काढलेलं. इंजिनच्या ऑइल बोल्टला बारीक तार पिळून बांधलेली होती. मी स्वतः तारेतला माणूस, म्हणून विचारलं, ही कशाला? बोल्ट ढिला झाला तरी गळून पडू नये म्हणून. एकाचं ऑइल सांडलं तर मागून येणारे सगळे त्यावर घसरतील.

वयाच्या पंधराव्या वर्षापासून मी गाडी चालवतोय. माझं हेल्मेट कुणीतरी हातात घेऊन पाहिल्याची ती पहिली वेळ होती.

मग सगळ्यांना बसवून झेंडे समजावले. पिवळा हलला की पुढं धोका, ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून तुझ्यापेक्षा वेगवान माणूस येतोय. लाल म्हणजे सगळं थांबलं, हळू परत या. प्रत्येक वळणाजवळ मार्शल उभे असतात, बहुतेक हौसेनं आलेली माणसं, आणि त्यांची नजर दिवसभर आमच्यावरच असते. अँब्युलन्स चालक आणि डॉक्टरसह तयार नसेल तर सरावसुद्धा सुरू होत नाही.

पहिल्या सरावात माझा लॅप, म्हणजे ट्रॅकचा एक फेरा, २ मिनिटं ३१ सेकंदांचा होता. सगळ्यात मागे. वेग मला मिळत होता, थांबणं मिळत नव्हतं. सरळ पट्ट्याच्या शेवटी, वळणाच्या आधी, अंतराच्या पाट्या असतात. मी पहिल्या पाटीपाशीच ब्रेक दाबून बसायचो आणि वळण यायच्या आत गाडी पार मंदावलेली असायची. प्रशिक्षकानं सांगितलं, एकेका लॅपला पाच-पाच मीटर पुढं सरक, घाई करू नको. दिवसभर मी एवढंच केलं. संध्याकाळपर्यंत मला कळलं होतं की अमुक वेगाला थांबायला अमुक अंतर लागतं, आणि ते अंतर माझ्या धाडसानं कमी होत नाही. इतकी वर्षं मी रोज ब्रेक दाबत होतो, पण गाडी किती मीटरमध्ये थांबते हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शनिवारी सकाळी क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीत कुणी कुठून सुटायचं ते ठरवणारी फेरी; तिच्या दुसऱ्याच लॅपला मी पडलो. टायर अजून गरम झालेलं नव्हतं आणि एका उजव्या वळणात गाडी झुकलेली असताना मी पुढचा ब्रेक सोडलाच नाही. टायरची पकड म्हणजे विहिरीतलं पाणी. तेवढंच असतं. एका विहिरीवर दोन मोटरा एकदम लावल्या की पाणी तुटतं. तसं वळणालाही पकड हवी आणि ब्रेकलाही हवी म्हटल्यावर पुढचं चाक सुटलं. मी डांबरावर पाठीवर घसरत गेलो. लेदर घासल्याचा आवाज हेल्मेटच्या आत येत होता. मग डांबर संपलं, मोकळी जमीन आली, आणि मी थांबलो. झाड नाही, खांब नाही, पुलाचा कठडा नाही. मान वर केली तर पिवळा झेंडा हलत होता आणि दोन मार्शल माझ्याकडं पळत येत होते. मागचे रायडर वेग कमी करून गेले. सूटच्या कोपरावरचं लेदर पांढरं पडलं होतं. आतल्या कातडीला काही झालं नव्हतं.

मला उठवत त्यांच्यातल्या एकानं तमिळमध्ये काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण तो माझी बोटं मोजून हलवायला लावत होता, आणि ती हलताना पाहून त्याच्या तोंडावर जो आनंद आला तो अजून डोळ्यांपुढं आहे.

शर्यतींबद्दल फार लिहीत नाही. शनिवारची सहा लॅपची होती आणि मी ती जपून पूर्ण केली. रविवारी शर्यत सुटायचे लाल दिवे विझले तेव्हा माझा डावा हात थरथरत होता. तीन लॅप मी एका लहानशा पोराच्या मागं होतो, सतराचा असेल. तो वळणात माझ्याहून चांगला होता, ब्रेकिंगला घाबरत होता. चौथ्या लॅपला पाटीच्या पुढं, शुक्रवारी मोजून ठेवलेल्या जागेवर मी ब्रेक दाबला आणि त्याच्या आतून गेलो. तो क्षण मी कुणालाही विकत देणार नाही. सतरा जणांत तेरावा आलो. उत्तम लॅप २ मिनिटं १९ सेकंद.

आता चुकलेली गोष्ट सांगतो.

परत आल्यावर आठवडाभर पानठेल्यावर मला सोडेनात. मी सांगितलं. सरळ पट्ट्यावर काटा एकशेतीसला कसा लागला, गुडघा डांबराला कसा घासला, त्या पोराला आतून कसं काढलं. सगळं खरं होतं. पण झेंडे मी सांगितले नाहीत. ऑइल बोल्टची तार सांगितली नाही. पडलो ते सांगितलं, पण मोकळी जमीन आणि धावत आलेले मार्शल सांगितले नाहीत. २ मिनिटं १९ सेकंद म्हणजे सरासरी ताशी ९६ किलोमीटर. तेही बंद ट्रॅकवर, सगळे एकाच दिशेनं जाताना, झाडून काढलेल्या डांबरावर. हा हिशोब मी कुणापुढं मांडला नाही. ऐकणाऱ्यांत माझ्या दुकानात काम शिकायला येणारा एक पोरगा होता. २२ वर्षांचा, हाताला फार चांगला. स्टार्टरची वायरिंग मी एकदा दाखवली की दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. त्याच्या डोळ्यांतली चमक मला त्या दिवशी आवडली होती.

डिसेंबरात कापसाचा हंगाम जोरात असतो. हिंगणघाटच्या जिनिंगकडं ट्रॉल्या जातात, दोन्ही बाजूंनी कापूस फुगून बाहेर आलेला, मागचा दिवा असलाच तर त्याखाली दबलेला. बैलबंड्यांना तर दिवा नसतोच. एका रात्री माझ्या दुकानातला तो पोरगा वडकीहून येत होता. पुढं उभी असलेली ट्रॉली त्याला दिसली नाही. पंक्चर झालं होतं, ट्रॉलीवाला जॅक आणायला गेला होता. पोराचं हेल्मेट हँडलला लटकवलेलं सापडलं. अँब्युलन्स २२ किलोमीटरवरून यायची होती आणि त्या अंतराला लागतो तेवढा वेळ तिला लागला. तो वर्ध्यापर्यंत पोचला नाही.

त्याच्या आईनं मला कधी काही म्हटलं नाही. तेराव्याला मी गेलो तेव्हा मला चहा दिला आणि म्हणाली, तुमच्याच गोष्टी सांगे बापा तो घरी.

त्या रस्त्यावर त्या रात्री काय झालं असेल, ते मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. दुकानात अँपिअर मोजतो तसंच. आपल्या साध्या गाडीचा दिवा डिपरवर साधारण ४० मीटर नीट दाखवतो, आणि समोरून वाहन असलं की डिपर द्यावाच लागतो. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काही आहे हे डोळ्यांनी पाहून हातानं ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २२ मीटर संपले. पुढं कोरड्या, चांगल्या डांबरावर थांबायला आणखी ३५ च्या आसपास लागतात. दिव्यात दिसतात ४०, लागतात ५७-५८. ट्रॉलीपर्यंत पोचता पोचता गाडी अजून पन्नासच्या वर असते. हेच ताशी ५० ला काढलं तर सगळं मिळून २८ मीटरमध्ये गाडी उभी राहते. उरलेले १२ मीटर मी रोहीसाठी (नीलगाय), रानडुकरासाठी, रस्त्यावर वाळत घातलेल्या तुरीसाठी, ट्रॅक्टरच्या चाकानं वावरातून ओढून आणलेल्या काळ्या मातीसाठी ठेवतो. पाऊस झाला की ती माती साबणासारखी होते, तेव्हा बाराही पुरत नाहीत.

एवढंच आहे माझं पन्नास. आकडा मी मनानं धरलेला नाही. दिव्याच्या उजेडात मावतो तेवढा तो आहे.

माझा आजा शंकरपटातला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतला धुरकरी होता, जोडी हाकणारा. त्याची जोडी पंचक्रोशीत नावाजलेली. पटाच्या दिवशी दान, म्हणजे जोडी पळायची पट्टी, साफ करायचे, दगड वेचायचे, लोकांना दोन्हीकडं मागं सरकवायचे, मगच जोडी सुटायची. तीच जोडी बाजाराच्या दिवशी बंडीला जुंपली की आजा कासरा आखडून, पायी चालणाऱ्याच्या चालीनं यायचा. मी लहानपणी त्याला विचारलं होतं, आबाजी, पळवा ना. तो म्हणाला, इथं रस्ता कोणी झाडला हाये का? हे मला आधी आठवायला हवं होतं. ते आठवलं त्या तेराव्याहून परत येताना.

त्या वर्षीपासून कापूस सुरू झाला की माझ्या डिक्कीत लाल रेडियमची गुंडाळी असते. जिनिंगच्या फाटकावर ट्रॉल्यांची रांग लागते तिथं जाऊन मागच्या फळ्यांना पट्ट्या लावतो, बंडीच्या मागच्या दांड्यांनाही. कुणी नाही म्हणत नाही. उलट चहा पाजतात. कापूस भरताना पट्टी झाकली जाते म्हणून आता खाली लावतो, चाकाच्या वर.

आणि त्या कॉलेजच्या पोराला मी काल, रविवारी, शाळेमागच्या सरळ रस्त्यावर बोलावलं. त्याच्यासोबत आणखी पाच-सहा जण आले. रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक बंडी आडवी लावली. कबड्डीच्या मैदानावरची फक्की आणून एक रेघ मारली, टेपनं मोजून ४० मीटरवर दुसरी. पोरांना बाजूला शेताच्या धुऱ्यावर उभं केलं. म्हटलं, मी ऐंशीनं येतो. पहिल्या रेघेपाशी आलो की दुपट्टा हलवा, मगच मी ब्रेक दाबीन.

हेल्मेट, जॅकेट, हातमोजे सगळं घातलं होतं. दुपट्टा हलणार हे मला माहीत होतं. टायर चांगले होते, ऊन होतं, डांबर कोरडं होतं. तरी मी दुसरी रेघ मागं टाकून बराच पुढं जाऊन थांबलो.

तो पोरगा फक्कीच्या दुसऱ्या रेघेपासून माझ्या पुढच्या चाकापर्यंत पावलं मोजत आला. बावीस भरली. त्यानं रेघेकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं, बाकीच्यांकडं पाहिलं. कुणी काही बोललं नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "आता पन्नासवर दाखवा."

मी गाडी वळवली.