चौदाव्या अध्यायाची पानं

पोथी दुरुस्तीला आली की आमच्याकडे सगळ्यात आधी शाई तपासतात. कापसाचं बारीक टोक ओलं करायचं, एखाद्या दंडाच्या, म्हणजे ओवीअखेरच्या उभ्या, रेघेवर क्षणभर टेकवायचं आणि टिपकागदावर दाबून बघायचं. काळं उतरलं तर त्या पानाला पाणी दाखवायचं नाही. नाही उतरलं तर पान धुता येतं, त्यातलं आम्ल काढता येतं आणि पिवळ्या, कुडकुडीत झालेल्या कागदात पुन्हा थोडा जीव येतो. पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहाच्या संवर्धन विभागात मी काम करते. तिथे आलेल्या एका गुरुचरित्राच्या पोथीबद्दल लिहायचं आहे.

वाईकडचं कुटुंब. सत्तरी ओलांडलेले काका आणि त्यांची सून पोथी घेऊन आले होते. लाल कापडाचं बासन, आत दोन फळ्या, फळ्यांमध्ये आडवी सुटी पानं. कसरीनं, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीनं, वरच्या फळीपासून खालपर्यंत बोगदे केले होते. कडा चुरत होत्या आणि शेवटचं पान नव्हतं. काकांनी बासन सोडण्याआधी हात जोडले. म्हणाले, "ताई, ही आमच्या खापरपणजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली आहे. आमच्या घरात छापील पोथी सोवळ्यात कधी चालली नाही. पारायण याच पोथीवर व्हायचं."

पहिल्या नजरेला शंका घ्यावी असं काहीच नव्हतं. बोरूच्या तिरप्या कापाचं घोटीव बाळबोध अक्षर, समासाला दुहेरी रेघा, अध्याय संपला की 'इति श्रीगुरुचरित्रामृते'वरून फिरवलेला गेरूचा हात. पोथी ठेवून लोक जातात, अहवाल तयार झाला की आम्ही कळवतो. काकांना मात्र थांबायचं होतं. त्यांना खुर्ची दिली आणि कामाला लागले.

पहिल्या पानावर कापूस पांढराच राहिला. दुसऱ्यावरही, दहाव्यावरही. काजळी आणि डिंकाची घरगुती शाई सहसा थोडी तरी सुटते. पण काही जुन्या शाया पक्क्या असतात, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरत नाही. मी पान सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं.

हातानं लिहिलेल्या अक्षरात शाईची चढउतार दिसते. बोरू दौतीत बुडवून वर आला की पहिली दोन-तीन अक्षरं गडद, मग फिकट होत जाणारी, मग पुन्हा गडद. कान्याची रेघ शिरोरेघेला मिळते तिथे दोन थर एकावर एक बसतात आणि तो सांधा जास्त काळा दिसतो. चुकलेल्या अक्षरावर ते झाकायला हरताळ, म्हणजे एक पिवळं खनिज, लावलेला असतो. या पानावर यातलं काहीच नव्हतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच सपाट काळा रंग, सांध्यांवरही तोच. शिरोरेघेत मधूनमधून रवाळ खंड, जिथे कागदाच्या खडबडीवर शाई बसलीच नव्हती. पानाच्या मागून अक्षरांभोवती तेलाची पिवळट सावली उतरलेली.

मग खिळ्यांची, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून केलेली, छपाई? तीही नाही. खिळा कागदात रुततो, मागून बोट फिरवलं तर त्याचा दाब लागतो. इथे पाठ गुळगुळीत होती. शिवाय खिळ्यांच्या छपाईत एका साच्यातले सगळे 'त' सारखे असतात, इथे एकाच ओळीतले तीन 'त' तीन वळणांचे. म्हणजे अक्षर माणसानं लिहिलेलं आणि कागदावर उतरलेलं यंत्रातून. ही शिळाछापाची पोथी होती.

शिळाछापाची युक्ती अठराव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत बव्हेरियातल्या आलोइस सेनेफेल्डर या नाटककारानं शोधली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी आहे. विशिष्ट जातीचा दाट चुनखडीचा दगड घासून सपाट करतात. त्यावर मेण, साबण, चरबी आणि काजळी घातलेल्या स्निग्ध शाईचं अक्षर उतरवतात, मग डिंक आणि सौम्य आम्ल लावून ते पक्कं करतात. दगड ओला केला की कोऱ्या जागेत पाणी मुरतं आणि अक्षरावरून ते सरकतं. वरून छपाईच्या शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षराला धरते. कागद ठेवून दाब दिला की छाप तयार. लेखकाला दगडावर उलटं लिहायचीही गरज नसते. खळ लावलेल्या कागदावर त्यानं नेहमीसारखं सुलट लिहावं, तो कागद दगडावर दाबला की अक्षर उलटं उतरतं आणि छापताना पुन्हा सुलट होतं. काम संपलं की दगड घासून पुढच्या पानाला घ्यायचा.

मराठीच्या दृष्टीनं ही युक्ती किती मोलाची होती, हे खिळ्यांची अडचण पाहिली की कळतं. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. एका पानासाठी शेकडो वेगवेगळे खिळे लागायचे. विल्यम कॅरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांत छापलं गेलं. त्याच वर्षी मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांनी गीता छापवली, ती मात्र तांब्याच्या पत्र्यांवर अक्षर कोरून. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ पासून मराठी मजकूर निघू लागला, तोही आधी कलकत्त्याहून आणलेल्या खिळ्यांवर. ते अक्षर वाचता येत होतं, पण पोथी वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते परकं वाटत होतं. शिळाछापानं लेखनिकाच्या हाताला धक्का लावला नाही. ज्यानं आयुष्यभर पोथ्या लिहिल्या तोच आता एकदा लिहायचा आणि दगड त्याच्या शेकडो प्रती काढायचा.

मुंबईत हे काम उचललं ते गणपत कृष्णाजींनी. मिशनच्या छापखान्यात काम करता करता त्यांनी पाहून पाहून विद्या घेतली, स्वतः लाकडी यंत्र उभं केलं, दगड मिळवला, शाईचे प्रयोग केले आणि १८३१ साली शिळाछापाचं मराठी पंचांग काढलं. गोविंद नारायण माडगांवकरांच्या १८६३ सालच्या 'मुंबईचें वर्णन' या पुस्तकात त्यांची हकिकत आहे. त्या माणसाबद्दल मला अपार आदर वाटतो. हाताशी ना शाळा, ना पुस्तक, ना कारागीर, आणि तरी त्यांनी छापखाना उभा केला. जावजी दादाजींनीही त्याच मिशनच्या छापखान्यात खिळ्यांचं काम शिकून पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळा देखणा केला. पण त्याआधीची तीन-चार दशकं घरोघरी छापील पोथी नेऊन पोहोचवली ती मुख्यतः दगडानं.

हे सगळं काकांना एकदम सांगण्यात अर्थ नव्हता. मी आधी आमच्या संग्रहातली शिळाछापाची गुरुचरित्रं काढली. त्यातल्या एका प्रतीचं अकरावं पान त्यांच्या अकराव्या पानाशेजारी ठेवलं आणि काकांना टेबलापाशी बोलावलं. दोन्ही पानांवर चौथ्या ओळीत एक अक्षर गळलेलं होतं. तिथे काकपदाची खूण आणि समासात बारीक अक्षरात ते अक्षर भरलेलं. दोन्हीकडे त्याच जागी, तेवढंच तिरकं.

काका बराच वेळ दोन्ही पानं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ही छापील आहे."

"हो काका. मुंबईत छापलेली. आमच्या प्रतीच्या शेवटच्या पानावर शिळाछापखान्याचा उल्लेख आहे आणि छपाईचा शकही आहे. तुमच्या पोथीचं तेच पान गेलंय."

सून म्हणाली, "बाबा, म्हणजे ती विकत आणली असणार."

काकांना विकत आणल्याचं वाईट वाटलं नव्हतं. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "आमच्याकडे सोवळ्यात छापील चालत नसे. मग यांनी हिच्यावर पारायणं कशी केली?"

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात अख्ख्या मराठी मुलखानं विचारलेला आहे. छपाईच्या शाईत चरबी असते, म्हणून सोवळ्यातली माणसं छापील कागदाला शिवत नसत. त्यावर छापखानेवाल्यांनी तुपाची शाई केली आणि तसं सांगून पोथ्या विकल्या. चरबीची शंका नुसती भाबडी नव्हती, शिळाछापाच्या लिहिण्याच्या शाईत ती खरोखर असे. आणि तूपही स्निग्धच, त्यामुळे दगडाचं काम अडत नाही. धर्माची अडचण आणि रसायनाची गरज दोन्ही एका पदार्थानं भागली, हे मला या व्यवसायातलं फार सुंदर उत्तर वाटतं. काकांना मी एवढंच सांगितलं की अशा पोथ्या त्या काळी सोवळ्यात चालाव्यात अशाच बेतानं तयार होत. अक्षर हाताचं, आकार पोथीचा, पानं सुटी. घरातल्या पुढच्या पिढ्यांना ती लिहिलेली वाटली यात नवल नाही.

माझं लक्ष काकांकडे होतं, तेवढ्यात आमच्याकडे शिकायला आलेली मुलगी पलीकडच्या टेबलावरून म्हणाली, "मॅडम, इथे काळं आलं."

ती पुढच्या पानांची चाचणी करत होती. नमुन्याला पाच-सहा पानं तपासून बाकीची सरसकट पाण्यात घालायची नाहीत, प्रत्येक पान तपासायचं, असा आमचा नियम आहे. त्यामुळे वेळ फार जातो, आणि त्या दुपारी त्याच नियमामुळे चार पानं बचावली. टिपकागदावर स्वच्छ काळा ठिपका उमटला होता. पान चौदाव्या अध्यायाचं होतं.

पुढची तीन पानंही तशीच. ती भिंगाखाली घेतली आणि सगळं चित्र पालटलं. सांधे गडद, बोरू बुडवल्याच्या जागा ओळीओळीत मोजता येतील अशा. एका जागी पिवळ्या हरताळाचा ठिपका आणि त्यावर दुरुस्त केलेलं अक्षर. कागदही वेगळा होता. बाकीची पानं पातळ, यंत्रावरची. ही चार जाड, घोटलेल्या हातकागदाची, उजेडासमोर धरली की साच्याच्या काड्यांच्या रेघा दिसणारी. कसरीचे बोगदे तर पुरावाच होते. तेराव्या अध्यायाच्या शेवटच्या पानावरचं एक मोठं भोक पंधराव्याच्या पहिल्या पानावर नेमक्या त्याच जागी होतं आणि मधल्या चार पानांवर त्याचा मागमूस नव्हता. कडेची लहान भोकं मात्र सगळ्यांतून आरपार गेलेली. म्हणजे पहिली कसर लागून गेल्यावर ही पानं आत आली आणि दुसरी कसर सगळ्यांना मिळून लागली.

चौदाव्याचीच पानं का, हे काकांना सांगावं लागलं नाही. त्यांनीच सांगितलं. "रोजचा पाठ चौदाव्याचा. पारायण वर्षातून एकदा, पण चौदावा रोज." रोज त्याच चार पानांना बोटं लागत राहिली, ती आधी फाटली आणि घरातल्या कुणीतरी ती उतरवून काढली. अठराव्या अध्यायाचीही कोपऱ्यात पार झिजली होती, पण मूळचीच होती.

उतरवणाऱ्यानं किती निगुतीनं काम केलं होतं! छापलेल्या पानासारख्याच दुहेरी रेघा, समासात त्याच जागी पत्रांक, म्हणजे पानाचा आकडा. आमच्या प्रतीशी ताडून पाहिलं तर प्रत्येक पान त्याच अक्षरावर सुरू होऊन त्याच अक्षरावर संपत होतं. पुढचं पान छापील असल्यामुळे त्याला तिथेच येऊन थांबणं भाग होतं. चौथ्या पानावर मजकूर थोडा कमी पडतोय हे लक्षात आल्यावर त्यानं शेवटच्या तीन ओळींत अक्षरं सुटी सुटी करत नेली आहेत. आणि छापील चौदाव्यात जिथे गळलेलं अक्षर समासात भरलं आहे, तिथे यानं ते ओळीत योग्य जागी घेतलं आहे. तो समजून उमजून लिहीत होता.

सून म्हणाली, "मग बाबा म्हणतात ते खरंच की. लिहिलीच आहे." काका काही बोलले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी ती चार पानं सावकाश वाचली, ओठ हलवत, आवाज न करता.

कामाच्या दृष्टीनं निर्णय सरळ होता. छापील पानं धुवायची, आम्ल काढायचं, फाटल्या जागी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. हाताची चार पानं कोरड्या ब्रशनं साफ करायची आणि खळ अगदी घट्ट, जेमतेम ओलसर ठेवून कडा सांधायच्या. ती वेगळ्या पाकिटात ठेवावीत असं एका सहकाऱ्याचं मत पडलं. मी नाही म्हटलं. ज्या क्रमात ती घरात वाचली गेली त्याच क्रमात राहतील.

शिळाछापाच्या पोथ्यांबद्दल मला एक तळमळ आहे. हस्तलिखित म्हटलं की लोक सांभाळतात, छापील म्हटलं की 'छापीलच तर आहे' म्हणून नदीत सोडतात किंवा रद्दीत देतात. दगडाच्या प्रती शेकड्यांनी निघाल्या तरी आज एकेका आवृत्तीच्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच दिसतात. लेखनिकांची नावं बहुतेक वेळा कुठेच नाहीत, त्यांचं अक्षर तेवढं या पानांवर आहे. अशी पोथी घरात असेल तर कृपा करून विसर्जन करू नका. जवळच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात नेऊन दाखवा, आणि नेण्याआधी पानांचा क्रम बदलू नका.

निघताना काकांनी विचारलं की अहवालात खापरपणजोबांचं नाव घालाल का. चारही पानांवर नाव नव्हतं, शक नव्हता, त्यामुळे तसं लिहिता येणार नाही असं मी सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या हातच्या जमाखर्चाच्या वह्या माळ्यावर आहेत, पण मोडी लिपीत. मोडी आणि बाळबोध अक्षर ताडणं अवघड. पण जमाखर्च म्हणजे आकडे आलेच, आणि या चार पानांवर पत्रांक आहेत. पाच आणि नऊ लिहायची माणसाची लकब सहसा बदलत नाही.

"वह्या घेऊन या," मी म्हटलं. "झटकू नका, आहेत तशाच आणा."