झिलाक घटस्फोट

गौरी-गणपती विसर्जनानंतरचे चार दिवस मालवणात आम्हा वकिलांचा सीझन. आरत्या संपल्या की चाकरमानी सातबारा काढतात आणि परतीच्या गाडीआधी भांडण आमच्या टेबलावर आणून ठेवतात. त्यामुळे त्या दिवशी सकाळी साडेनवालाच दारात चपला दिसल्या तेव्हा नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते म्हातारबुवांच्या पहिल्या वाक्याचं.

"माका झिलाक घटस्फोट देवचो आसा."

तात्या म्हणू त्यांना. वय अठ्ठ्याहत्तर, जन्म मुंबईच्या गोदीत गेलेला. सोबत सून, बाकावर कडेला बसलेली. मुलगा नालासोपाऱ्याला, दुसरीकडे मन गुंतलेला. गणपतीत येऊन त्यानं दोन गोष्टी मागितल्या: बायकोची परस्परसंमतीच्या घटस्फोटाच्या अर्जावर सही आणि बापाची बाग विकायला संमती.

बाप-लेकात घटस्फोट नसतो, हे मी समजावलं. मग पेपरात 'संबंध नाय' म्हणून जाहीर करतो म्हणाले. म्हटलं, त्या जाहिरातीनं वारसाहक्क जात नाही, पैसे तेवढे जातात. हवं असेल तर मृत्युपत्र करा.

तेही त्यांनी करूनच आणलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीतून, १९८६ च्या खरेदीखताच्या घडीतून, शंभराचा स्टॅम्पपेपर निघाला. गावातल्या कुणा जाणकारानं लिहिलेला. "माझे पश्चात माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत माझे सुनेस द्यावी." खाली तात्यांची सही आणि एकच साक्षीदार.

मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागतच नाही, साधा कागद चालतो. साक्षीदार मात्र किमान दोन लागतात. हे दुरुस्त होण्यासारखं होतं. माझं बोट अडलं ते 'सुनेस' या शब्दावर.

"तात्यानू, सून म्हणजे कोण?"

मला भ्रम झालाय अशा नजरेनं त्यांनी बाकाकडे मान वळवली.

"ती आज आहे. उद्या घटस्फोट झाला की ती तुमच्या मुलाची बायको नाही. आणि ह्या कागदात तिचं नाव कुठेच नाही."

बराच वेळ पंख्याचाच आवाज. मग हळूच म्हणाले, "म्हंजे तेना दुसरी केल्यान, तर बाग तिका जातली?"

"जाईलच असं नाही. पण दावा लागेल, आणि तेव्हा सांगायला तुम्ही नसाल."

बाग त्यांच्या स्वकष्टार्जित पैशाची, खरेदीखत त्यांच्या नावाचं. ती कुणालाही देता येते, मुलगा अडवू शकत नाही. घराची गोष्ट वेगळी. ते आजोबांच्या वेळचं, वाटप न झालेलं. त्यात तात्यांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं. सहज विचारलं, मुली किती? दोन. "दिल्या घरी सुखी आसत. लग्नात सोना घातलंय." हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुली मुलाइतक्याच हिस्सेदार आहेत आणि लग्नातल्या सोन्यानं तो हिस्सा फिटत नाही, हे सांगितल्यावर तात्या रागावले. परक्या घरची पोर त्यांना आठवली होती, पोटच्या दोघी नाहीत. घराचा विषय त्या दिवशी तसाच राहिला.

सून इतका वेळ गप्प होती. तिच्या पिशवीतही एक कागद होता: नवऱ्याच्या वकिलानं पाठवलेला मसुदा. तिसऱ्या पानावर, ती कायमची पोटगी सोडून देत असल्याचं कलम. "तात्या बाग देतत ना, मगे पोटगी कित्याक मागू?" म्हणाली.

मी चहा बाजूला सारला. मृत्युपत्र तात्या गेल्यावर लागू होतं, आणि असतील तोवर ते कितीही वेळा बदलू शकतात. हे मी त्या दोघांसमोरच बोलले; तात्यांना ते झोंबलं, पण बोलणं भाग होतं. न मिळालेल्या बागेच्या भरवशावर हातातला हक्क सोडू नकोस, सही थांबव. सही झाली असती तरी परस्परसंमतीच्या अर्जात साधारण सहा महिन्यांनी पुन्हा विचारतात आणि हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. पण आधी पाय घसरून मग सावरायचं कशाला?

जाता जाता तिनं पर्यटकांना देते त्या दोन खोल्यांचं विचारलं. कोल्हापूरचा एकजण अकरा महिन्यांसाठी मागतोय, नोंदणी नको म्हणतो. म्हटलं, महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारही नोंदवावाच लागतो आणि जबाबदारी मालकाची. खोल्या तात्यांनी बांधलेल्या, घरपट्टी त्यांच्या नावावर. तेव्हा सही त्यांची, तुझी नव्हे.

साक्षीदार म्हणून तात्यांनी दोन मित्र सुचवले, दोघंही ऐंशीच्या घरात. पुढे वाद झाला तर कोर्टात साक्षीदारच उभा करावा लागतो, तुमच्याहून तरुण आणा, म्हटलं. "माझे दोस्त तरुण खयसून आणू?" पण पुढच्या मंगळवारी आणले: त्यांचे डॉक्टर, आणि शेजारचा होडीवाला पोरगा, इस्त्रीच्या शर्टात.

नवा मसुदा मी वाचून दाखवला. तिचं पूर्ण नाव, माहेरचं आडनाव, जन्मतारीख. बागेचा गट नंबर, चतुःसीमा. मुलाला का वगळलं आणि हिला का दिलं, त्याची चार वाक्यं. तात्यांनी चष्मा चढवून पुन्हा स्वतः वाचलं, बोट ओळीवरून फिरवत.

"ही माझी कोण, ता खयच लिवलंस नाय."

"मुद्दामच नाही लिहिलं."

बोट तिच्या नावावर थोडं थांबलं. मग त्यांनी होडीवाल्याकडे पेनासाठी हात पुढे केला.