गेंड्याचं शेवटचं पान

वाचनाच्या तासाला येणाऱ्या दुसरीच्या मुलांत एक मुलगा असा, की पुस्तक हातात दिलं की पानं भराभर उलटायची आणि 'झालं वाचून' म्हणून परत करायचं. अक्षरं ओळखतो, काना-मात्रा येतात, अडतो तो जोडाक्षराला. दोनदा अडला की नजर पुस्तकावरून उठते ती उठतेच. अशा मुलांना 'सोपं' म्हणून 'कमल जल भर' छापाच्या ओळी दिल्या जातात. मला ते पटत नाही. त्यात वाचण्यासारखं काही नसतं, आणि हे मुलाला आपल्याआधी कळतं.

त्या दिवशी गेंड्याचं चित्रपुस्तक काढलं. गेंडा झोपाळ्यावर बसतो, फांदी जमिनीला टेकते. होडीत चढतो, होडीचं दुसरं टोक वर उडतं आणि तिथला बेडूक थेट ढगात. दर वेळी बसण्याआधी गेंड्याचं पालुपद एकच: 'मी काही जड नाही!' शब्द एक सांगतात, चित्र भलतंच. हसायचं असेल तर दोन्हीकडे बघावंच लागतं.

हेच पुस्तक निवडायला कारणं होती. पालुपदात एकही जोडाक्षर नाही. ते उजव्या पानाच्या तळाशी येतं आणि फजिती पान उलटल्यावर दिसते, त्यामुळे मधे श्वास रोखायला जागा मिळते. पुस्तक ३२ पानांचं. त्यात ही ओळ सात वेळा येते. दोन-तीनदा येऊन भागत नाही, कारण तिसऱ्या वेळेपर्यंत मुलं नुसती ऐकत असतात, चौथ्यापासून सोबत म्हणू लागतात. आणि प्राणीच का? गेंड्याच्या जागी गुबगुबीत मुलगा काढला असता, तर वर्गातल्या एखाद्याकडे माना वळल्या असत्या. गेंड्याला हसताना कुणाला लागत नाही.

एका वेळी दहाच मुलं बसवली, अर्धवर्तुळात. तीस बसवली की मागच्यांना चित्रातला बेडूक दिसत नाही; पुढचे हसतात म्हणून तेही हसतात, आणि आपल्याला वाटतं सगळ्यांना कळलं. खिडकी बाजूला हवी. ती मुलांच्या पाठीमागे असली तर गुळगुळीत कागद चकाकतो, वाचणाऱ्याच्या मागे असली तर पान काळोखात जातं. पुस्तक खालून कण्याशी धरायचं, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि प्रत्येक चित्र डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायचं. सुरुवातीचं एक मिनिट मुखपृष्ठावर घालवलं. दोघांनी गेंड्याला हत्ती म्हटलं होतं. खरा गेंडा २,००० किलोंच्या घरात जातो, हे तिथेच सांगून टाकलं. तो किती जड हे ठाऊक नसेल तर पुढचा विनोद लागू होत नाही.

एक चूक माझ्याकडून झालीच. होडीच्या पानावर मी विचारलं, "होडी का बरं कलली?" हसणं जागच्या जागी थांबलं, दोन हात शहाण्यासारखे वर झाले. पुढच्या पानांवर तोंड बंद ठेवलं. पालुपद 'मी काही...' इथवर म्हणायचं, थांबायचं, मनात तीन आकडे मोजायचे आणि मगच पान उलटायचं. पाचव्या खेपेला ते तीन आकडे भरायच्या आत मागच्या कोपऱ्यातून आवाज आला, "जड नाही!" तो याच मुलाचा.

वाचून झालं की पुस्तक कपाटात ठेवायचं नाही, मुखपृष्ठ वर करून चटईवर सोडायचं. त्याने ते उचललं. मी शेजारी बसले, पण 'वाच बघू' म्हटलं नाही. पालुपद आलं की तो बोट ठेवून म्हणायचा: मी, काही, जड, नाही. हे पाठांतर होतं, हे मला कळत होतं. पण बोट एकेका शब्दाबरोबर सरकत होतं, आणि या टप्प्यावर एवढंच हवं असतं. मधल्या 'गेंड्याने'ला तो 'गेंडाने' म्हणाला. दुरुस्त केलं नाही. अर्थ शाबूत होता, आणि त्या क्षणी टोकलं असतं तर पुस्तक मिटलं असतं.

शेवटच्या पानावर गेंडा चिखलात रुतून बसलेला आहे आणि ओळ बदलते: 'मी जरा जड आहे.' त्यालाही शब्द चारच. तो सवयीने म्हणाला, "मी काही..." आणि बोट थांबलं. पुन्हा सुरुवातीला गेलं. "मी... का... नाही. ज. जरा." मग वर चिखलाकडे पाहिलं, परत ओळीकडे, आणि ओठांतल्या ओठांत, "जड... आहे." आणि तो इतका मोठ्याने हसला की दारातल्या दोन मुली परत फिरल्या.

"ताई, शेवटी कबूल केलं त्याने!"

त्या दोघींना त्याने बसवलं, पुस्तक पहिल्या पानावर उघडलं आणि ते आपल्याकडे न धरता त्यांच्याकडे वळवून धरलं. 'मी काही' इथे तो थांबला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.